जुनी मोटारसायकल परराज्यात नेताना : निर्णयापासून नव्या क्रमांकापर्यंत

बदली किंवा नव्या नोकरीमुळे परराज्यात जाणाऱ्या माणसाकडे दहा-बारा वर्षे वापरलेली, पण ठणठणीत मोटारसायकल असेल, तर ती सोबत नेण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. रोज कामावर जाण्यासाठी सवयीचे वाहन हाताशी राहते आणि नव्या गाडीचा मोठा खर्च टळतो. मात्र मोटार वाहन कायदा केंद्राचा असला तरी वाहनावरील कर प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे घेते, आणि गाडीच्या नोंदींतील जुन्या त्रुटी ज्या आरटीओत गाडी नोंदवली आहे तिथेच दुरुस्त कराव्या लागतात. हजार किलोमीटर दूर गेल्यावर अशी एखादी त्रुटी लक्षात आली, तर तिच्यासाठी रजा काढून परत यावे लागते. म्हणून या कामात कोणती गोष्ट कोणत्या राज्यात आणि कशानंतर करायची, हा क्रम सांभाळणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

आधी निर्णय : न्यावी की विकावी

पहिला प्रश्न मुक्कामाचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदवलेले वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवले, तर तेथील नोंदणी प्राधिकरणाकडून नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. सात-आठ महिन्यांच्या प्रकल्पासाठी जाणाऱ्याने नव्या क्रमांकाच्या खटपटीत पडण्याचे कारण नाही. त्याने जुन्याच क्रमांकावर गाडी चालवावी आणि गाडी त्या राज्यात केव्हा आली याचा पुरावा जपावा. रेल्वे पार्सलची पावती, वाहतूकदाराची बिल्टी (माल पाठवल्याची पावती), नोकरीवर रुजू झाल्याचे पत्र किंवा भाडेकराराची प्रत यांपैकी दोन कागद गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवले, तर रस्त्यावर विचारणा झाल्यास वाद वाढत नाही.

दुसरा प्रश्न गाडीच्या उरलेल्या आयुष्याचा आहे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. नव्या राज्यात नवा क्रमांक मिळाला म्हणून ही १५ वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजली जात नाहीत. मोजणी मूळ नोंदणीच्या तारखेपासूनच होते. तेरा वर्षांची गाडी नेणाऱ्याला दोन वर्षांत नूतनीकरणाला सामोरे जायचे आहे, आणि तो खर्च त्याने आजच हिशोबात धरला पाहिजे. बऱ्याच राज्यांत पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर किंवा हरित कर वेगळा भरावा लागतो, तोही यात मिळवावा.

दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात जाणाऱ्यांनी येथे विशेष सावध राहावे. तेथे १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल वाहनांवर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते लागू ठेवले. पुढे २०२५ मध्ये अंमलबजावणीबाबत न्यायालयाने पुन्हा आदेश दिले. या प्रकरणात गाडी कोणत्या उत्सर्जन मानकाची आहे यालाही महत्त्व आले आहे. देशभरात एप्रिल २०१७ पासून विकल्या गेलेल्या दुचाकी बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मानकाच्या आहेत. बीएस-४ च्याही आधीची, चौदा-पंधरा वर्षांची गाडी दिल्लीत नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यायालयाच्या पुढच्या आदेशावर रोजचे कामावर जाणे अवलंबून ठेवणे शहाणपणाचे नाही.

तिसरा प्रश्न पैशाचा आहे. नव्या राज्यात पुनर्नोंदणी करताना तेथील कर भरावा लागतो. साधारणपणे हा कर गाडीची मूळ किंमत आणि वय पाहून ठरतो, त्यामुळे जुन्या गाडीवर तो नव्या गाडीपेक्षा बराच कमी येतो, पण राज्याराज्यांत फरक मोठा आहे. ज्या गावी राहायचे आहे तेथील आरटीओत आपल्या गाडीचे मॉडेल, नोंदणीची तारीख आणि मूळ बिलाची किंमत सांगून आकडा आधीच विचारून घ्यावा. हा कर, वाहतुकीचा खर्च आणि गाडीला लागणारी दुरुस्ती यांची बेरीज गाडीच्या आजच्या विक्री किमतीच्या निम्म्याहून जास्त होत असेल, तर गाडी इथेच विकून तिथे स्थानिक क्रमांकाची वापरलेली गाडी घेणे अधिक सोयीचे ठरते. हा माझा ढोबळ आडाखा आहे. ज्याच्या गाडीचे इंजिन उत्तम आहे आणि मुक्काम पाच वर्षांचा आहे, त्याने तो थोडा सैल करावा. गाडीचे उत्पादन बंद झाले असेल, तर नव्या शहरात त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आहे का आणि क्लच प्लेट, केबल, ब्रेक शू यांसारखे नेहमी लागणारे भाग मिळतात का, याचीही चौकशी करावी.

निघण्यापूर्वी कागदपत्रे निर्दोष करणे

जुन्या गाडीच्या बाबतीत अडचणी सर्वांत जास्त इथेच येतात, म्हणून या भागाला निदान दोन महिने द्यावेत.

प्रथम आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, नाव कोणाचे आहे ते पाहावे. अनेक घरांतील जुनी गाडी वडिलांच्या, थोरल्या भावाच्या किंवा ज्याच्याकडून ती घेतली त्या पहिल्या मालकाच्याच नावावर असते आणि एकाच गावात वापरताना त्याचे काही अडत नाही. परराज्यात पुनर्नोंदणी करताना मात्र अर्जदाराच्या नावावर गाडी आणि त्याच नावाचा नव्या राज्यातील पत्त्याचा पुरावा, असे दोन्ही लागते. म्हणून मालकी हस्तांतरण आधी करावे. हयात मालकाकडून हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. मालकाचे निधन झाले असेल तर वारसाने नमुना ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून अर्ज करायचा असतो. वारसाची कागदपत्रे जमवायला वेळ लागतो आणि ती गावाकडेच मिळतात, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट म्हणजे गाडीची नोंद परिवहन विभागाच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत पूर्ण आहे का. हस्तलिखित आरसी पुस्तकाच्या काळातील काही गाड्यांची माहिती संगणकात आलेलीच नसते, किंवा चेसिस क्रमांकातील एखादे अक्षर, इंजिन क्रमांक, रंग किंवा कर भरल्याची नोंद चुकीची असते. परिवहन संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर क्रमांक टाकून दिसणारी माहिती आरसीशी आणि प्रत्यक्ष गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावी. नोंद नसेल तर मूळ आरटीओतून बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या नोंदीची संगणकात भर, करून घ्यावी लागते. हे काम दुसऱ्या राज्यातील कार्यालय करू शकत नाही, आणि याच एका कारणाने पुढची सगळी प्रक्रिया थांबते.

तिसरी गोष्ट कर्जाची. हप्ते संपून कित्येक वर्षे झाली तरी आरसीवर बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे हायपोथिकेशन (गाडी तारण असल्याची नोंद) तसेच राहिलेले असते. संस्थेकडून कर्जफेडीचे ना-हरकत पत्र आणि सही-शिक्का असलेला नमुना ३५ घेऊन ती नोंद काढून टाकावी. वित्तसंस्था मध्यंतरी दुसऱ्या संस्थेत विलीन झाली असेल, तर हे पत्र मिळवायला अधिक खेटे घालावे लागतात. म्हणून या कामाला सर्वांत आधी हात घालावा.

त्यानंतर आरसीशी स्वतःचा चालू मोबाइल क्रमांक जोडून घ्यावा, कारण पुढचा प्रत्येक ऑनलाइन अर्ज ओटीपीवर चालतो. थकलेली ई-चलाने भरून टाकावीत. विमा आणि पीयूसी चालू असावेत. नोंदणीची मुदत संपत आली असेल तर नमुना २५ वर नूतनीकरणाचा अर्ज करावा. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून तो करता येतो. नूतनीकरणाच्या वेळी निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतात, त्यामुळे मूळचा नसलेला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर किंवा आरसीत न नोंदवलेला रंग आधीच पूर्ववत करावा.

एनओसी केव्हा घ्यावी

गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवण्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे एनओसी, लागते. कलम ४८ खाली नमुना २८ वर हा अर्ज होतो. सोबत आरसी, विमा, पीयूसी, ओळखपत्र आणि चेसिस क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट द्यावा लागतो. गाडी चोरीची असल्याची तक्रार नोंदलेली किंवा प्रलंबित नाही, असा अहवालही प्रमाणपत्र देण्यापूर्वी पाहिला जातो. प्राधिकरणाने ३० दिवसांत देण्याचे किंवा नाकारण्याचे कळवायचे असते, आणि त्या मुदतीत नकार कळवला नाही तर प्रमाणपत्र दिले असे कायद्याने मानले जाते. म्हणून अर्ज दाखल केल्याची पोच काळजीपूर्वक जपावी. कलम ४७ खाली नवा क्रमांक मागताना प्रमाणपत्राच्या जागी ही पोच आणि नकार कळवला गेला नसल्याचे घोषणापत्र जोडण्याची तरतूद आहे.

बरेच जण निघण्याच्या आठवड्यात घाईने एनओसी घेतात. ते मला योग्य वाटत नाही. एनओसी नव्या राज्यातील एका ठरावीक आरटीओच्या नावाने निघते. कंपनीने सुरुवातीला एका उपनगरात राहायची सोय केली आणि तीन महिन्यांनी घर दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत मिळाले, तर ती निरुपयोगी ठरू शकते. शिवाय एनओसी निघाल्यावर मूळ आरटीओच्या नोंदीत गाडीची इतर कामे अडतात, आणि नोकरी बदलून परत यावे लागले तर ती आधी रद्द करून घ्यावी लागते. त्यामुळे नोंदींतील सगळे दोष निघण्यापूर्वी दूर करावेत, पण एनओसीचा अर्ज नवा पत्ता पक्का झाल्यावर, सणासुदीला घरी येण्याच्या सुमारास करावा. १२ महिन्यांपैकी पहिले पाच-सहा महिने यात गेले तरी पुढील कामाला पुरेसा अवधी उरतो. ज्यांना लवकर परत येणे शक्य नाही आणि ज्यांचा पत्ता निश्चित आहे, त्यांनी मात्र ती आधीच घेतलेली बरी.

सतत बदल्या होणाऱ्यांसाठी बीएच (भारत) या नोंदणी क्रमांकांच्या मालिकेचा पर्याय आहे. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेली ही मालिका संरक्षण दलांतील, केंद्र आणि राज्य शासनांतील, सार्वजनिक उपक्रमांतील आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी संस्थांतील कर्मचाऱ्यांना मिळते. आरंभी ती नव्या वाहनांपुरती होती; डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर आधी नोंदवलेले वाहनही तीत आणता येते. कर दर दोन वर्षांनी भरायचा असतो. एकाच राज्यात कायमचे स्थिरावणाऱ्याला जुन्या दुचाकीसाठी याचा फारसा उपयोग नाही.

गाडीची तयारी

गाडी रेल्वेने जाणार असली तरी यांत्रिक काम ओळखीच्या मेकॅनिककडे, निघण्यापूर्वीच करून घ्यावे. त्याला गाडीचा इतिहास माहीत असतो. नव्या शहरात पहिल्याच आठवड्यात कामावर वेळेत पोहोचायचे असते आणि तेव्हा विश्वासाचा मेकॅनिक शोधायला सवड नसते.

टायर केवळ नक्षी पाहून चांगला समजू नये. टायरच्या बाजूवर चार आकडी उत्पादन-खूण असते, तिचे पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. सहा-सात वर्षांच्या टायरचे रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते, म्हणून नक्षी शिल्लक असली तरी तो बदलावा. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावीत. हँडल वळवताना मधोमध अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) गेला आहे असे समजावे. फोर्कच्या ऑइल सीलमधून तेल झिरपते का, चाकांच्या बेअरिंगमध्ये खुळखुळ आहे का, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलचे तार तुटायला लागले आहेत का, हे पाहावे आणि एक जादा क्लच केबल सोबत ठेवावी.

इंधनाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. आता पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक दुचाकी त्या मिश्रणासाठी तयार केलेल्या नाहीत. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबराला फुगवते किंवा ठिसूळ करते. म्हणून दहा वर्षांपुढील, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) असलेल्या गाडीत पेट्रोलचा पाइप, पेट्रोल कॉकचे वॉशर आणि कार्ब्युरेटरमधील ओ-रिंग नव्या टाकाव्यात, टाकीच्या आतला गंज पाहावा आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे.

जाण्याचे ठिकाण कसे आहे यावरही काही गोष्टी ठरतात. सिमल्यासारख्या सुमारे २२०० मीटर उंचीच्या गावी हवा विरळ असल्याने कार्ब्युरेटरची गाडी पेट्रोल जास्त आणि हवा कमी घेते. तिचा ओढा कमी होतो आणि प्लग काळा पडतो. तिथे गेल्यावर मिश्रण नव्याने जुळवून घ्यावे. चेन्नई किंवा कोची अशा किनाऱ्यावरील शहरात खाऱ्या हवेने चेन, स्पोक, सायलेन्सर आणि वायरिंगचे जोड गंजतात, म्हणून चेनला वंगण आणि उघड्या धातूला गंजरोधक फवारा यांचे वेळापत्रक जवळजवळ दुपटीने आखावे.

गाडी पोहोचवणे

रेल्वेने गाडी दोन प्रकारे जाते. आपण त्याच गाडीने प्रवास करत असू तर ती तिकिटावर लगेज म्हणून नोंदवता येते. स्वतः जात नसलो तर पार्सल म्हणून. दोन्हींसाठी आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागते. टाकी पूर्ण रिकामी करणे बंधनकारक आहे, कारण पेट्रोलसह गाडी चढवणे हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. हँडल, टाकी, दिवे आणि इंडिकेटर गोणपाट किंवा जाड पुठ्ठ्याने नीट बांधावेत, आरसे काढून ठेवावेत आणि सुटण्याचे व पोहोचण्याचे स्थानक मोठ्या अक्षरांत लिहिलेला पुठ्ठा गाडीला पक्का बांधावा. नोंदणी करताना गाडीची किंमत जाहीर करून त्यावरील टक्केवारी शुल्क भरावे. ते न भरल्यास नुकसान झाल्यावर रेल्वेची जबाबदारी वजनाच्या हिशोबाने मर्यादित राहते. जिथे लांब पल्ल्याची गाडी बराच वेळ थांबते किंवा जिथून सुटते, असे स्थानक निवडावे. पोहोचल्यावर मुदतीत न उचलल्यास विलंब शुल्क लागते.

खासगी वाहतूकदार निवडला तर त्याचा जीएसटी क्रमांक, बिल्टी आणि प्रवासातील विम्याचे कागद लेखी घ्यावेत, आणि संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. गाडी ताब्यात देताना चारही बाजूंचे, किलोमीटरच्या आकड्याचे आणि आधीच्या ओरखड्यांचे फोटो त्याच्या माणसासमोर काढावेत. मूळ आरसी कोणालाही देऊ नये, प्रत पुरते.

स्वतः चालवत नेणे शक्य आहे, पण जुन्या एअर-कूल्ड (वाऱ्याने थंड होणाऱ्या) इंजिनावर दिवसाला तीनशे ते साडेतीनशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतर ठरवू नये, आणि सर्व्हिसिंग झाल्यावर किमान दोनशे किलोमीटर गावातच चालवून मगच निघावे.

पहिले काही आठवडे

वाहन परवाना देशभर चालतो, तो बदलण्याची गरज नाही. आरसी, विमा आणि परवाना डिजिलॉकरमध्ये ठेवावेत, तिथली प्रत कायद्याने ग्राह्य आहे. विमा कंपनीला नवा पत्ता कळवावा. स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर शहरानुसार हप्त्यात फरक पडू शकतो, आणि न कळवलेला पत्ता दाव्याच्या वेळी प्रश्न निर्माण करतो.

रोजचा मार्ग ठरवताना दुचाकींना कोणते रस्ते बंद आहेत ते आधी पाहावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकी चालत नाही हे आपल्याला ठाऊक असते, पण बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर ऑगस्ट २०२३ पासून आणि दिल्ली-मेरठ द्रुतगती मार्गावरही बंदी आहे. घर भाड्याने घेण्यापूर्वी नकाशावर दुचाकीचा पर्याय निवडूनच अंतर मोजावे. मोठ्या शहराच्या कोंडीत एअर-कूल्ड इंजिन फार तापते, म्हणून इंजिन ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलावे, टॅपेट (इंजिनाच्या व्हॉल्व्हमधील फट) तपासून घ्यावेत आणि लांब सिग्नलवर इंजिन बंद करावे.

नवा क्रमांक आणि जुन्या कराचा परतावा

एनओसी हाती आल्यावर नव्या आरटीओत नमुना २७ वर अर्ज करायचा असतो. नोंदणीकृत भाडेकरार, आधारवरील नवा पत्ता, आरसी, विमा, पीयूसी आणि मूळ बिल सोबत ठेवावे. निरीक्षक गाडी पाहतात, कर ठरतो, तो भरल्यावर नवा क्रमांक मिळतो. मूळ बिल हरवले असेल तर शोरूममधून त्याची प्रत मिळवण्याचा प्रयत्न निघण्यापूर्वीच करावा, कारण कराचा हिशोब त्यावर सोपा होतो. नवा क्रमांक मिळाल्यावर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवावी, विम्याच्या पॉलिसीवर नवा क्रमांक चढवून घ्यावा आणि पुढचे पीयूसी नव्या क्रमांकावर काढावे. नव्या क्रमांकाची आरसी प्रत्यक्ष हाती येईपर्यंत कर भरल्याची पावती नेहमी जवळ असावी.

शेवटचे काम अनेक जण सोडून देतात, ते म्हणजे मूळ राज्यात एकरकमी भरलेल्या कराचा परतावा. गाडी बाहेर नोंदवली गेल्यावर उरलेल्या काळाचा कर त्या राज्याच्या नियमांप्रमाणे परत मागता येतो. नव्या आरसीची प्रत, एनओसीची प्रत, कर भरल्याचा पुरावा आणि बँक खात्याचा तपशील जोडून मूळ आरटीओत अर्ज द्यावा. चार-पाच वर्षांच्या गाडीवर ही रक्कम चांगली भरते आणि तिच्यासाठी अर्जाची फेरी सार्थ होते. बारा-तेरा वर्षांच्या गाडीवर ती बहुधा फारच किरकोळ उरते. तेव्हा ती किती मिळेल हे एनओसीच्या वेळीच मूळ आरटीओत विचारून घ्यावे आणि त्यासाठी परत यायचे की नाही ते ठरवावे.